कौसल्याबाईंची फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. समोर पांढरी काच, आत दोन ट्यूबलाइट आणि वर फिल्म अडकवायची पट्टी, एवढाच माझा संसार. बडा गणपतीजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी मिठाईच्या दुकानात उजळती पाटी म्हणून गेले असते तर सुखात राहिले असते! पण मला इंदूरच्याच एका मोठ्या रुग्णालयात, एक्स-रे विभागाच्या भिंतीवर टांगले. त्याला आता पंचवीस वर्षे झाली.

डॉक्टर झाल्यावर जी मुले इथे तीन वर्षे एक्स-रे वाचायला शिकतात, त्यांना रेसिडेंट म्हणतात. त्यांना शिकवायच्या मनोरमा मॅडम. त्यांची एक रीत होती. रेसिडेंटला मोडलेले हाड दिसले, की त्या म्हणायच्या, "मिळालं? शाबास. आता त्याच्यावर हात ठेव आणि बाकीची फिल्म बघ." एक गोष्ट सापडली की डोळा आळशी होतो, हे त्यांना ठाऊक होते.

सोनल नवीन होती तेव्हा तिचा तळहात रोज माझ्या काचेवर टेकायचा. मला ती फार आवडायची. पण सहाच महिन्यांत मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलेच नाही. रुग्ण मात्र वाढत गेले. वरचे साहेब एवढेच विचारत, "आज किती झाले?" सोनलने हात ठेवणे सोडले. बरोबरचे कौतुक करत, "भिया, सोनल तो मशीन है!" ती हसायची. तीन वर्षे संपली, ती इथेच मोठी डॉक्टर झाली, पण घाई काही सुटली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही खोड तर तिला आमच्याच खोलीने लावली होती.

माझी काच रोज पुसणाऱ्या कौसल्याबाई गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्या. एरवी आता एक्स-रे संगणकावर बघतात, पण त्या दिवशी तो बंद होता म्हणून त्यांची फिल्म माझ्यावर लागली. गळ्याजवळचे हाड मोडले होते. सोनलला ते क्षणात दिसले.

"काकू, एकच फ्रॅक्चर आहे. बाकी सब ठीक," ती म्हणाली आणि तिने फिल्म काढली.

त्या हाडामागे, फुफ्फुसाच्या टोकाशी, हरभऱ्याएवढा पांढरा डाग होता. माझा उजेड तिथून जरा जास्तच येत होता. मला बोलता आले असते तर!

यंदा कौसल्याबाई खोकत आल्या. अंगावर मांस उरले नव्हते. सोनलने नवी फिल्म लावली आणि शेजारी जुनी. डाग लिंबाएवढा झाला होता. कर्करोग पसरला होता, उपचाराची वेळ निघून गेली होती. जुन्या फिल्मवरचा हरभऱ्याएवढा डाग सोनलला आता दिसला.

"मॅडमजी, मागच्या साली तुम्ही पूरी फिल्म बघितली होती ना?" कौसल्याबाईंनी विचारले.

"हो काकू. तेव्हा काहीच नव्हतं."

"मग माझं नशीबच. तुम्ही कशाला रडता?" असे म्हणून त्यांनी सोनलच्याच पाठीवरून हात फिरवला.

मित्रांनो, जो शिकतो आहे त्याच्यामागे त्याला थांबवणारे एक माणूस असू द्या, एवढेच माझे मागणे आहे. आमच्याकडे मनोरमा मॅडमची खुर्ची अजून रिकामी आहे. कौसल्याबाई मागच्या महिन्यात गेल्या. आणि कालपासून पलक नावाची नवी रेसिडेंट सोनलच्या हाताखाली शिकायला आली आहे.