टाचणीचं भोक

वरून आदेश आला की आठवीला वंशसंहार आणि ज्यूद्वेष हा विषय दोन तासिकांत शिकवावा आणि शिकवल्याचा फोटो पाठवावा. दोन तासिका म्हणजे तशी उदारताच. पाणीबचतीला एकच मिळाली होती.

हेडसरांनी इतिहासाच्या बाईंना बोलावून घेतलं. "भाषण नको हं बाई. पोरं पेंगतात, आणि ते फोटोत दिसतं. काहीतरी प्रात्यक्षिक घ्या."

बाई मेहनती होत्या, त्यामुळे शाळेतलं जे कुणाला नको असेल ते त्यांच्या गळ्यात असे. त्यांनी घरी बसून पिवळ्या कागदाचे तारे कापले, प्रत्येकाला टाचणी लावली आणि चिठ्ठ्या तयार केल्या.

पहिली तासिका उत्तम झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी युरोपात ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावायची सक्ती होती, हे बाईंनी सांगितलं. आधी तारा, मग शाळा बंद, मग घर गेलं, मग आगगाडीत कोंबलं, आणि मग मारलंच. लहान पोरांनासुद्धा. मग चिठ्ठ्या फिरल्या आणि अर्ध्या वर्गाच्या वाट्याला तारे आले.

"दिवसभर लावून फिरायचं. कसं वाटतं ते बघायचं. सुटताना काढून जमा करायचे."

"पण बाई, मलाच का? मी काय केलंय?" मॉनिटर ओरडला. आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत.

"तेच तर शिकायचंय!" बाई खूश झाल्या.

खिडकीजवळच्या बाकावर चष्म्याच्या दुकानवाल्याची मुलगी बसली होती. तिची चिठ्ठी कोरी निघाली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, आम्ही आहोत."

"काय आहात?"

"ज्यू."

शाळेच्या दप्तरी तिच्या धर्मापुढे 'इतर' एवढंच होतं, आणि इतर म्हणजे कोण हे विचारायची शाळेत पद्धत नव्हती.

"अय्या! मग तुलाच कसा नाही आला तारा?" शेजारची मैत्रीण म्हणाली. वर्ग खो खो हसला. वातावरण हलकं व्हावं म्हणून बाईही हसल्या.

तारे जमा करायचे, पण कुठे, हे सांगायचं मात्र बाई विसरल्या. सुटायच्या वेळी भोंग्याने आपल्यापुरता निकाल लावला. त्याने तारा काढला आणि त्या मुलीच्या पाठीवर टोचला. "घे गं, तुझं तुला."

मग रांग लागली. रांगेच्या बाबतीत ही शाळा पहिल्यापासून वाखाणली जाते. पाठ भरली तशी मुलं बाह्यांकडे वळली. "टोचलं नाही ना गं?" अशी चौकशीही कुणीकुणी केली. शेवटचा तारा मैत्रिणीने तिच्या वेणीच्या रिबिनीला लावला. मुलगी हलली नाही. चित्रकलेचे सर दारातून म्हणाले, "वा, हा फोटो झकास येणार!" बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन तिथून चालल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "चला चला, आवरा लवकर."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिची आजी आली. काठी भिंतीला टेकवून ती शिक्षकखोलीत बसली आणि पिशवीतून तारे काढून टेबलावर ठेवले. चुरगळलेले होते ते पुस्तकाखाली दाबून सरळ केले होते, टाचण्या वेगळ्या डबीत होत्या.

"शाळेचा कागद आहे," आजी म्हणाली. "वाया कशाला घालवायचा?"

"बसा ना आजी," बाई म्हणाल्या. आजी बसलेलीच होती.

"मी लहानपणी तिकडे युरोपातच होते. माझा कापडाचा होता. आईने शिवला होता. सुटला तर मारतील म्हणून दुहेरी टाके घातले होते तिने."

"मुलं लहान आहेत हो आजी. त्यांच्या मनात काही नव्हतं."

"नसणारच. आमच्याही वर्गातल्यांच्या मनात नव्हतं. रोज माझा खोडरबर मागायची. मी गेले तेव्हा माझ्या जागेवर कोण बसणार यावरून त्यांची जुंपली होती." आजी जराशी हसली. "जागा खिडकीजवळची होती ना."

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. "पोर शाळेत यायचं नाही म्हणते. मी म्हटलं, अगं, एखाद्याने तरी तारा तुला न देता स्वतःजवळ ठेवला असेल. ती म्हणाली, ठेवला असेल तर येते. तेवढं जरा विचारून सांगता का? मी बसते इथे."

बाई वर्गात गेल्या. "कालचा तारा कुणाकडे आहे? कुणाजवळही? मी रागावणार नाही."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मैत्रिणीने दप्तरात डोकं घातलं आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"नाही बाई," भोंगा उभा राहून अभिमानाने म्हणाला. "सगळ्यांनी जमा केले. एकपण बाकी नाही."

बाई बाहेर आल्या. कपाटात पिवळा कागद उरला होता. जिन्याखाली उभं राहून त्यांनी एक तारा कापला, मुठीत चुरगळला, थोडी खडूची पूड चोळली. आयुष्यात त्यांनी मुलांना कॉपी करताना पुष्कळ वेळा पकडलं होतं, त्यामुळे ती कशी करतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"होता आजी! तिच्या मैत्रिणीकडे. कंपासपेटीत जपून ठेवला होता."

आजीने चष्मा पुसला. तारा उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"ह्याला टाचणीचं भोक नाही, बाई."

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि व्हरांडाभर गलका उठला. आजी काठी घेऊन उठली. बाईंना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो तारा बाईंच्या हातात परत दिला, टेबलावरच्या डबीतून एक टाचणी काढून त्यावर ठेवली आणि बाईंची बोटं मिटली.

"हा तुमच्याकडेच असू दे," ती म्हणाली. "एकाने तरी ठेवावा."

दाखला न्यायला मुलीचे वडील दुपारी आले. हेडसरांनी त्यांना चहा पाजला. फोटो वर पसंत पडला होता.

दुसरी तासिका अजून बाकी होती. बाई वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर पिवळा तारा होता.

"बाई, तुम्हीपण?" भोंग्याने विचारलं.

"नाही रे."

"मग?"

बाईंनी खिडकीजवळच्या जागेकडे पाहिलं. तिथे एक मुलगा येऊन बसलाही होता.