पाचशे तीनचा उतारा

सर्व्हरच्या कपाटातला हिरवा दिवा सेकंदाला चार वेळा लुकलुकत होता. बंद पडलेल्या यंत्राचा दिवा असा लुकलुकत नाही. हे यंत्र कामाने घाईला आलं होतं. पण रक्तपेढीच्या त्या खोलीत दिव्याकडे फक्त तीच पाहत होती. बाकी सगळे, अगदी संचालकसुद्धा, हात जोडून लहरीबुवांकडे पाहत होते.

पडद्यावर रक्तपेढीच्या वेबसाइटऐवजी नुसता '५०३' हा आकडा झळकत होता. बुवांनी तांब्याची कांडी कपाटावरून फिरवली. "पाचशे तीन! पाच आणि तीन आठ. आठ म्हणजे अडथळा. बाधा दाट आहे, वीस मिनिटं लागतील."

"कालही बरोब्बर विसाव्या मिनिटाला वेबसाइट उघडली," कारकून भारावून कुजबुजला.

सर्व्हर सांभाळण्याचं काम तिचं. ती म्हणाली, "साहेब, पाचशे तीन म्हणजे सर्व्हर सांगतोय, माझे हात गुंतलेत, जरा वेळाने या. कशात गुंतलेत, ते नोंदींत दिसतं."

"शंकेखोर माणूस जवळ असला की लहरी बुजतात," बुवा डोळे मिटूनच म्हणाले.

"मॅडम, तुम्ही बाहेर थांबा," संचालकांनी फर्मावलं.

ती टेबलाशी पोचते तोच फोन वाजला. प्रसूतिगृहातली परिचारिका होती. "ताई, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. दुर्मीळ गट आहे, कुठल्या शाखेत मिळेल ते दिसतच नाही हो!"

तिने चालू कामांची यादी उघडली. रोजचंच दृश्य. 'पंधरा वर्षांचा एकत्रित अहवाल', अकरा वाजता, संचालकांच्या संगणकावरून. हे बटण त्यांनी हौसेने बसवून घेतलं होतं. खुर्चीत टेकले की आधी ते दाबायचे. अहवालाला लागायचा अर्धा तास, तोवर सर्व्हर त्यातच गुंतून वेबसाइट बंद. बुवांना यायला दहा मिनिटं, कांडीला वीस. हिशोब जुळणारच! बटण काढा, असा अर्ज तिने तीनदा दिला होता. तिन्हींवर शेरा एकच: 'नंतर बघू.' आणि साहेबांचं काम परवानगीवाचून थांबवायचं नाही, असा नियम.

तिने ते थांबवलं.

वेबसाइट उघडली. जवळच्याच शाखेत त्या गटाच्या दोन पिशव्या सापडल्या, परिचारिकेने लगेच मागवल्या. खोलीत टाळ्या वाजल्या.

"पाहिलंत? सातच मिनिटांत पळाली!" बुवा गरजले.

"पळाली नाही, मी साहेबांचा अहवाल थांबवला," ती लॅपटॉप घेऊन आत येत म्हणाली. "याला कपाटातला सरावाचा सर्व्हर जोडलाय, त्यावर वेबसाइटची नक्कल आहे. इथे कुणाचा जीव टांगणीला नाही. साहेब, तुमचं अहवालाचं बटण यावर दाबा."

संचालकांनी दाबलं. पाचशे तीन.

"बुवा, उघडा आता."

कांडी उजवीकडून फिरली, डावीकडून फिरली, शेवटी कपाटाखालूनही फिरली. "आज लहरी थकल्यात," बुवा घाम पुसत म्हणाले.

"चार्जिंगला लावू का?" कारकुनाने विचारलं.

तिच्या सांगण्यावरून त्यानेच अहवाल थांबवला. वेबसाइट क्षणात उघडली. कारकून स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला.

"साहेब, यंत्र अडलं तर आधी त्याची नोंद वाचायची," ती शांतपणे म्हणाली. "आपण कांडीकडे बघत बसतो, तेवढा वेळ तिकडे एक बाई रक्तावाचून पडलेली असते."

अर्ध्या तासाने फोन पुन्हा वाजला. कारकुनाने उचलला. "रक्त पोचलं म्हणतायत. लावलंही."

बुवा कधी सटकले, कुणाला कळलंच नाही. संचालकांनी त्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाले,

"मॅडम, ते बटण काढून टाका."