पौर्णिमा बोलते

मेडशीच्या शाळेत पौर्णिमा आणि मी एकाच बाकावर बसायचो. पुढे मी एसटीत कंडक्टर झाले. पौर्णिमाचं लग्न गावातल्याच राजूशी झालं आणि ती संसाराला लागली.

लॉकडाऊनच्या वर्षी तिनं सोयाबीनच्या पोत्याला मोबाईल टेकवला आणि घटस्फोट का वाढले, यावर चार मिनिटं बोलली. कागद नाही, अडखळणं नाही, आपली वऱ्हाडी बोली. आठवडाभरात तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. मग चॅनेल सुरू झालं, ‘पौर्णिमा बोलते’. पाच वर्षांत त्याचे नऊ लाख सदस्य झाले.

कारंजा–वाशीम गाडीत मी तिकिटं फाडत पुढे सरकायची, तर एकाच वेळी पाच-सहा मोबाईलमधून तिचा आवाज यायचा. कोणाच्या मोबाईलवर तिचं वाक्य सुरू होत असायचं, कोणाच्या मोबाईलवर संपत. म्हातारे माना डोलवायचे, कॉलेजातल्या पोरी चिडायच्या, पण बंद कोणीच करत नसे. माझ्या अंगावर काटा यायचा. ही तीच पोरगी, जी माझ्या वहीतून गणितं उतरवायची!

तिची मतं मला कधीच पटली नाहीत. सुनांनी वेगळं राहू नये, बायका नोकरीला लागल्या की घर मोडतं, मायबापाच्या सहीशिवाय लग्न लागता कामा नये. वाशीमला बायकांनी तिचा पुतळा जाळला. पोलिसांची नोटीस आली. मुंबईच्या टीव्हीवर एका नावाजलेल्या वकीलबाईंना तिनं घरच्या ओट्यावर बसून असं निरुत्तर केलं, की ते पाहून तिच्यावर राग धरावा की तिची पाठ थोपटावी, हेच मला कळेना.

एकदा मी तिला विचारलं, “मी डबल ड्यूटी करतो, पौर्णिमा. मी बी घर मोडून राह्यली काय?”

“तुयाबद्दल नाई बोलत मी, वैष्णवी.”

“मंग कोनाबद्दल बोलतं?”

ती हसली.

गेल्या एप्रिलमध्ये गावातले मोठे जमीनदार पुंजाजी यांच्या लेकीनं, संस्कृतीनं, जवळच्या तांड्यावरच्या किशनशी रजिस्टर लग्न केलं. किशनचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, नुकतेच परतलेले. दुसऱ्याच दिवशी पौर्णिमाचा व्हिडिओ आला. तिनं नाव घेतलं नाही, पण गावात सगळ्यांना कळलं. शेवटी ती म्हणाली, “आता तरी जागे व्हा. दारात जाऊन जाब इचारा.”

त्यानंतरच्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी मी तिच्याकडे बसले होते. राजू धापा टाकत आत आला.

“पोट्टे तांड्यावर निघाले. साठ-सत्तर गाड्या हायेत. काठ्या हायेत. तुयाच व्हिडिओ लावून राह्यले.”

मला वाटलं, ही आता लाइव्ह जाणार. पौर्णिमा उठली, मोबाईल बाजेवर ठेवला आणि मला म्हणाली, “स्कूटी काढ.” जाता जाता राजूला सांगितलं, “तुमी पोलिसाले फोन लावा.”

तांड्यावर पोचलो तेव्हा उन्हात नुसती धूळ उडत होती. किशनचं दोन खोल्यांचं घर, नवं जोडपं आत, टिनाचं दार आतून बंद. बाहेर त्याची आई हिरीबाई एकटीच दाराला पाठ लावून उभी होती. पोरांनी पौर्णिमाला पाहिलं आणि जल्लोष सुरू झाला, “पौर्णिमाताई आगे बढो!” त्यांनी आपणहून वाट दिली. ती त्या वाटेनं चालत गेली, हिरीबाईच्या शेजारी उभी राहिली आणि वळली.

“मले वळखता ना?”

“हो ताई!”

“मंग आयका. हे लग्न मले पटलं नाई. उद्या बी पटनार नाई.” टाळ्या पडल्या. तिनं हात वर केला. “पन ह्या दाराले ज्याले हात लावायचा हाये, त्याले आधी मले बाजूले करा लागन.”

टाळ्या थांबल्या. मागून कोणीतरी ओरडलं, “ताई, तुमीच तं म्हटलं होतं जाब इचारा!”

“म्हटलं होतं. चुकलं माह्यं.”

पाच वर्षांत, शेकडो व्हिडिओंत, हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

“माह्या तोंडचं आयकून काठी उचलली ना? मंग माह्याच तोंडचं आयकून खाली ठेवा.”

एक दगड आला आणि तिच्या कानाजवळ टिनावर आदळला. हिरीबाई दचकून खाली बसली. पौर्णिमाची पापणीसुद्धा हलली नाही. तिनं गर्दीत नेमका माणूस हेरला.

“बादल, तुई माय घरी एकटी असते. तिच्या दारात सत्तर गाड्या लागल्या, तं तू काय करशीन?”

बादल तिच्याच चाहत्यांच्या ग्रुपचा प्रमुख होता. त्यानं मान खाली घातली. वर न बघताच त्यानं गाडीला किक मारली. मग दुसरा निघाला, मग चार. काही जण शिव्या देत गेले. शेवटची गाडी वळायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ ती त्या उन्हात उभी होती. पोलिसांची जीप आली तेव्हा सातआठ पोरंच उरली होती. मी एका झाडाला टेकून बघत होते.

दार उघडलं. संस्कृती बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत होता.

“तुमच्यामुळंच आले होते ते.”

“हो,” पौर्णिमा म्हणाली.

संस्कृतीनं आभार मानले नाहीत. पौर्णिमानंही वाट पाहिली नाही.

त्या संध्याकाळच्या व्हिडिओत तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. महिनाभरात सव्वा लाख लोक चॅनेल सोडून गेले. ‘विकली गेली’ असं बादलच्याच ग्रुपवर लिहिलं गेलं. ज्या पक्षाची माणसं तिला व्यासपीठावर बोलवायची, त्यांचे फोन थांबले. पुतळा जाळणाऱ्या बायकांनी मात्र तिचं कौतुक केलं, तर तिनं त्यांनाही सुनावलं, “माही पाठ थोपटू नका. तुमचं-माह्यं आजबी जमत नाई.” बायकांच्या नोकरीवर ती अजून तेच बोलते. मी अजून तिच्याशी भांडते.

त्या दिवशी तांड्यावरून परत येताना मी स्कूटी रस्त्याच्या कडेला थांबवली.

“तुले भेव नाई वाटलं?”

“पाय लटलट कापत होते ना बाप्पा,” ती म्हणाली. “साडीत कोनाले दिसले नाई.”