दादाच्या पाठीची जखम

"हिला कुणी बोलावलं?" तातेराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले. अर्धांगवायूने जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

"मी बोलावलं," सून तृप्ती म्हणाली. "पडून पडून पाठ सडून राह्यली तुमची. रोज भोकरदनहून पट्टी करायला दुसरं कोण येणार?"

दैवशालाबाई दारातच उभ्या होत्या. माहेरच्या या घरात त्या अडतीस वर्षांनी आल्या होत्या. जालन्याला नर्सिंग शिकताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा याच भावाने सांगितलं होतं, "तू आमाला मेलीस." आई गेल्याचं त्यांना तेराव्यानंतर एसटीत कुणाकडून तरी कळलं. लग्न राहून गेलं. निवृत्तीनंतर भोकरदनला एक खोली, रविवारी बसने जालन्याच्या चर्चमध्ये जाणं, बाकी सहा दिवस बोलायला कुणी नाही.

तृप्तीचा फोन आल्यावर दोन दिवस त्या प्रार्थनेत देवाशी चक्क भांडल्या. मला सोडून कुणालाही पाठव, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगचं सामान पिशवीत भरलं. मन तयार नव्हतंच. तरी निघाल्या.

जखम तळहाताएवढी, खोल होती. वास इतका, की तृप्तीने तोंडाला पदर लावला. दैवशालाबाईंनी मेलेलं मांस काढलं, जखम धुतली, पट्टी बांधली. तातेरावांनी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असे पंधरा दिवस गेले.

"आत्याबाई, एक शब्द बोलत न्हाईत ते. राग न्हाई येत तुमाला?" तृप्तीने विचारलं.

"येतो ना. बसमध्ये बसल्यापासून येतो."

"मंग कशाला येता?"

"प्रभूनं सांगितलंय म्हणून." त्यांनी सामान पिशवीत भरलं. "आन मला पदरात घेताना त्यानं तरी कुठं माझी लायकी बघितल्ती?"

सोळाव्या दिवशी पट्टी सोडवताना तातेराव कण्हले.

"दैवशे... दुखतंय."

लहानपणी तेच असं हाक मारायचे. नंतर त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

"हळू करते, दादा," त्या म्हणाल्या. काम संपवून त्या हौदापाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्या नेहमीसारख्या आल्या तेव्हा अंगणात माणसं जमली होती. चुलतभाऊ बद्रीनाथ पुढे आला. "पहाटंच गेला दादा. तू भायेरच थांब, बाई. विधी चालू हायेत."

त्या कुंपणापाशी थांबल्या. तृप्तीने आतून एकदा पाहिलं, पण बायकांच्या गराड्यातून तिला उठता येईना. तिरडी निघाली, रस्त्याच्या वळणाआड गेली. बायका हौदावर हातपाय धुवायला लागल्या.

मग दैवशालाबाई आत गेल्या. बाजेवरची डागाळलेली चादर काढून त्यांनी बादलीत भिजवली, आणि मागच्या दारी एकट्याच ती चोळत बसल्या.