प्रिंटर गरम झालाय

"अस्मिता, प्रिंटर परत गेला!"

केतनची हाक पार्टिशनच्या पलीकडून आली तेव्हा अस्मिता स्टोअररूममध्ये जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसली होती. समोर प्रिंटर, मांडीवर बाटली, हातात दूध काढायचा पंप. पंपाचा दांडा दाबला की तो कुईकुई करायचा.

"बघतेय मी," ती आतून म्हणाली. "गरम झालाय. कुणी हात लावू नका, थोडा वेळ द्या त्याला."

"द्या बाबा, त्याला पण टी-ब्रेक द्या," केतन म्हणाला, आणि बाहेर हशा पिकला. त्या हशात दोनचारदा कुईकुई खपून गेली.

प्रिंटर गरमबिरम काही झाला नव्हता. अस्मितानेच आत येण्याआधी आपला कॉम्प्युटर स्लीपवर टाकला होता.

सानपाड्याच्या त्या ऑफिसात तळोज्यातल्या कारखान्यांच्या लायसन्सची कामं चालायची. दिवसभर कागदच कागद, आणि सगळ्यांत मिळून प्रिंटर एकच. तो स्टोअररूममध्ये असायचा. त्याची वायर पार्टिशनच्या भोकातून अस्मिताच्या कॉम्प्युटरला आलेली, आणि बाकीच्यांचे प्रिंट तिच्या कॉम्प्युटरमधून जायचे. तिचा कॉम्प्युटर जागा असेल तरच ऑफिसचं प्रिंटिंग चालायचं. हे तिच्याशिवाय कुणाच्या फारसं लक्षात नव्हतं, आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिने ते कुणाच्या लक्षात आणूनही दिलं नाही.

कारण स्टोअररूमच्या दाराची कडी कधीचीच तुटली होती. एक प्रिंट सुटला की कुणीतरी दार ढकलून आत येणारच. परतल्यावर पहिल्या दिवशी ती मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये गेली होती. तिथे चारी ऑफिसांची माणसं. बाहेरून थापा पडायला लागल्या तसं तिने हातातलं दूध बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला आणि तोंड धुऊन बाहेर आली. घरी सम्यक पावडरचं दूध तोंडातून फुर्रकन बाहेर टाकायचा. "चमचा बघितला तरी मान फिरवतंय गं लेकरू," सासूबाई म्हणायच्या. आईचं दूध वाटीत असलं की मात्र तोच सम्यक डोळे मिटून चमचा चाटायचा.

ऑफिसचे मालक श्यामसुंदर सर वाईट नव्हते. रजेवरून आल्यावर त्यांनी पेढे मागून घेतले होते. मग म्हणाले होते, "घरचं घरी ठेवलंस की झालं. भाविकाचं बघितलंस ना? बाळ झाल्यावर निम्मा दिवस फोनवर. शेवटी तिलाच झेपलं नाही, सोडली नोकरी." तेव्हा अस्मिता हसली होती. तिचा पगार घरात लागत होता, आणि नवऱ्याचं, संघर्षचं, काम तर कधी असायचं, कधी नसायचं.

तिचं गुपित एकट्या पुतळाबाईंना ठाऊक होतं. कराव्याहून झाडूपोछ्याला येणाऱ्या पुतळाबाई सकाळच्या वेळी दाराशी बादली आडवी ठेवून फरशी पुसत बसायच्या. पुसलेलीच फरशी पुन्हा पुसायच्या. "तू बस गो बाय निवांत. कोन येतंय ता मी बघतंय." त्यांचा मुलगा मासळी विकायचा. त्याच्या बर्फातला एक खडा त्या रोज पिशवीत बांधून आणायच्या आणि दूध टिकावं म्हणून अस्मिताच्या थर्मासात टाकायच्या. "वास हाय का बग. म्हावऱ्याला लावायच्या आधीच काढलाय." मात्र दुपारी त्या घरी जायच्या. दुपारच्या वेळेला राखण होती ती फक्त त्या स्लीपच्या बटणाची.

गंमत म्हणजे ऑफिसात तिचं नाव झालं. अस्मिताचा हात लागला की प्रिंटर सुरू होतो! आणि त्या नावानेच घात केला.

एका सकाळी सर तिच्या टेबलाशी आले. "रोज त्या खोक्याशी किती झटापट करतेस गं! चेहरा बघ तुझा. कुंदनला बोलावलंय. एकदाचं टेन्शनच मिटवून टाकू."

"नको सर, जमतंय मला."

"अगं, तुझ्यासाठीच करतोय."

एवढं म्हणून ते केबिनकडे वळलेही.

कुंदन नेटवर्कची कामं करायचा. जेवणाची सुट्टी संपता संपता तो आला, प्रिंटरपुढे उकिडवा बसला आणि हसलाच. "सर, याच्यात वायफाय आहे की! तुमी चालूच नव्हतं केलं." मग तो अस्मिताच्या खुर्चीत बसला. "मॅडम, हा कॉम्प्युटर आपोआप स्लीपला जायची सेटिंग तर बंद आहे. म्हणजे कोणीतरी हातानं…"

तो थांबला. टेबलाखाली उघड्या पिशवीत थर्मास होता. त्याच्याशेजारी ओढणीत अर्धवट गुंडाळलेला पंप. कुंदनने मान वर केली नाही.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर. शेअरिंग म्हटलं की असे लफडे होतातच." मग तो हळूच अस्मिताला म्हणाला, "काम तर करावं लागेल, ताई."

"करा," अस्मिता म्हणाली.

थोड्याच वेळात ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरून, अगदी फोनवरूनही प्रिंट निघायला लागले. केतनने मोबाइलवरून स्वतःचा फोटो छापून सगळ्यांना दाखवला. वायर नको म्हटल्यावर प्रिंटर आत कशाला, म्हणून सरांनी तो उचलून आपल्या केबिनशेजारी ठेवायला लावला. "आता सुटलीस बघ तू!" ते अस्मिताला म्हणाले. त्यांचा आनंद खरा होता.

अस्मिता खुर्चीत बसून राहिली. छाती दगडासारखी झाली होती. दुपारची वेळ टळून चालली होती, कुर्त्याला ओल यायच्या बेतात होती. कॉम्प्युटर झोपवला काय, जागा ठेवला काय, आता कुणाचं काही अडणार नव्हतं. आत जायला कारण उरलं नव्हतं, आणि दाराला कडी तर नव्हतीच. आज दूध गेलं तर उद्या कमी येईल, परवा त्याहून कमी. मग पावडरच्या दुधाची वाटी आणि मान फिरवणारं लेकरू.

तिने नवं पान उघडलं. 'आत साफसफाई चालू आहे' असं लिहिलं आणि खोडलं. 'आत येऊ नये' लिहिलं, तेही खोडलं. मग मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आत अस्मिता बाळासाठी दूध काढते आहे. थोडा वेळ दार उघडू नये.'

आणि प्रिंट दिला.

हॉलच्या त्या टोकाला प्रिंटर घरघरला. तिथे सर स्वतःच्या कागदांची वाट बघत उभे होते. वर आलेला कागद त्यांनी उचलला आणि सवयीने मोठ्याने वाचायला घेतला, "आत अस्मिता…"

पुढचं त्यांनी मनात वाचलं. केतनच्या कीबोर्डचा आवाज थांबला.

"माझं आहे, सर," अस्मिता म्हणाली, आणि उठली.

तेवढा हॉल ओलांडायला तिला फार वेळ लागला. सरांनी कागद पालथा करून तिच्या हातात दिला. तिने कागद सुलटा केला, तसाच हातात धरून परत चालत आली, टेबलावरची चिकटपट्टी घेतली आणि तो स्टोअररूमच्या दारावर लावला. एक कोपरा सुटत होता, तो अंगठ्याने पुन्हा दाबला.

आत टेबलावर प्रिंटरच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. तिने त्यात थर्मास ठेवला आणि फायलींच्या गठ्ठ्यावर बसली. आज बाहेर ना आरडाओरड होती, ना हशा. पंपाची कुईकुई सगळ्या ऑफिसाला ऐकू जात असणार. दूध काही केल्या उतरेना.

बाहेर कुणाचीतरी पावलं आली, दाराशी थांबली.

"फाईल नंतर घे ना यार," केतनचा आवाज आला. "दिसत नाही का दारावर?"

पावलं परत गेली. अस्मिताने डोळे मिटले. बाटलीचा तळ जेमतेम ओला झाला होता. ती दांडा दाबत राहिली.