बेनाळवाडीचं मैदान, सायंकाळी सात

मार्च संपता संपता टीव्हीवरच्या मालिकांचे नवे भाग संपले. कोरोनामुळं शूटिंग बंद, नट घरात आणि प्रेक्षकही घरात. मोठ्या वाहिन्यांनी मग जुनी कपाटं उघडली. तीस-तीस वर्षांपूर्वीच्या देवादिकांच्या मालिका पुन्हा लागल्या, गाजलेल्या सासवा-सुना पहिल्या भागापासून परत भांडायला लागल्या, आणि बातम्या सांगणारी माणसं आपल्याच घरच्या पडद्यापुढं बसून बोलू लागली.

संकेश्वरात नागेंद्र अण्णांचं केबलचं छोटं चॅनेल होतं. आसपासच्या पन्नासेक गावांत ते दिसायचं. संध्याकाळी अर्धा तास गावोगावच्या बातम्या, बाकी वेळ भजनं आणि दुकानांच्या जाहिराती. बाजार बंद झाला तशा जाहिराती गेल्या. बातमीदार घराबाहेर पडेनात. दिवसाचे बारा तास रिकामे पडले.

"नीलम, कायतर घाल बाई त्यात," अण्णा म्हणाले. "रिकामा पडदा दिसला की माणूस पुढचं बटण दाबतंय."

नीलम म्हणजे त्या चॅनेलचा सगळा कारभार. कुठला कार्यक्रम कधी लावायचा, काय कापायचं, काय जोडायचं, सगळं तिच्याच हातात. बत्तीस वर्षांची, चार किलोमीटरवरच्या बेनाळवाडीची. लॉकडाऊनचा पास गळ्यात अडकवून रोज स्कूटरवरून यायची. लग्न झालेलं नव्हतं. दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं, कारण पाहुण्यांना कोणीतरी जाऊन सांगायचंच, "पोरगी भावकूची हाय. खून करून हिंडलग्याच्या जेलात जाऊन आलेल्या भावकूची."

तिनं पडद्यावर एक पट्टी सोडली : तुमच्याकडच्या जुन्या कॅसेटी पाठवा, लग्नाच्या, जत्रेच्या, कुस्तीच्या. आणि काय सांगावं, माणसं तुटून पडली. दुधाच्या गाडीवरून, औषधाच्या गाडीवरून कॅसेटी यायला लागल्या. त्यात कुस्त्या सगळ्यांत जास्त चालल्या. पूर्वी संध्याकाळी सातला चॅनेलकडं कुत्रंही बघायचं नाही, कारण मोठ्या मालिकांची ती वेळ. आता तिथं शिळंच लागतंय म्हटल्यावर नीलमनं सातला 'गावचं मैदान' सुरू केलं. आठ दिवसांत घराघरांत तेच लागायला लागलं. म्हातारे पडद्यावर स्वतःला ओळखून ओरडायचे, मेलेली माणसं शड्डू ठोकताना दिसली की बायका डोळ्याला पदर लावायच्या.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी निपाणीहून एक पोतं आलं. तिथं मारुतीराव नावाचे फोटो स्टुडिओवाले होते. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या सुनेनं माळ्यावरच्या सगळ्या कॅसेटी पाठवून दिल्या होत्या. नीलम एकेक पुसत होती. एकीवर निळ्या शाईत लिहिलं होतं : बेनाळवाडी मैदान, माघ, ९८.

ती तिनं बाजूला काढून ठेवली.

त्या मैदानात तिचा बाप भावकू आणि ज्योतिबा यांची शेवटची कुस्ती होती. पंचांनी भावकूला विजयी दिलं. ज्योतिबाचा थोरला भाऊ मष्णू उसळून आत आला, ज्योतिबाची पाठ लागलीच नाही म्हणाला, आणि पुढच्या क्षणाला सगळं गाव कुस्तीच्या हौद्यात उतरलं. दंगल थांबली तेव्हा ज्योतिबा डोकं फुटून पडला होता. मष्णूनं पोलिसांना सांगितलं, भावकूनं मारलं. भावकूच्या हातात काठी होती हे खोटं नव्हतं. डोळ्यांत माती गेलेली, काठी कुणाला लागली ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. कोर्टात तो एवढंच म्हणाला, "मारलं आसंल मी." सात वर्षांची शिक्षा झाली, साडेपाच वर्षांनी सुटला.

नीलम तेव्हा दहा वर्षांची. त्या संध्याकाळी त्यांच्या घरावर दगड पडले, कौलं फुटून चुलीत पडली. आईनं तिला धान्याच्या कणगीमागं दाबून धरलं होतं. आई पुढं तिसऱ्या वर्षी गेली.

कॅसेट तिनं यंत्रात घातली. धूळ, हलगी, गर्दी. शेवटची कुस्ती. मग माणसंच माणसं. मारुतीराव जीव घेऊन पळाले असणार, कॅमेरा मात्र तीन पायांच्या तिकाटण्यावर तसाच चालू राहिला होता. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात ज्योतिबा गुडघ्यांवर बसून डोळ्यांतली माती पुसत होता. भावकूची काठी एका तिसऱ्याच माणसाच्या खांद्यावर बसली. तेवढ्यात मष्णूनं कुंपणाची लोखंडी पहार उपसली आणि भावकूच्या डोक्याच्या रोखानं घातली. भावकू खाली वाकला. पहार त्याच्या पाठीवरून गेली आणि मागं बसलेल्या ज्योतिबाच्या कानशिलावर उतरली. ज्योतिबा एका कुशीवर कलंडला, त्यानं पाय दोनदा झाडले आणि ते थांबले. मष्णू पहारीकडं बघत उभा राहिला. मग त्यानं ती मातीत टाकली, पायानं माती सारली, आणि हात उचलून भावकूकडं बोट केलं.

नीलमनं ते अकरा वेळा बघितलं. मग तेवढा तुकडा मोबाईलवर उतरवून घेतला. ही कॅसेट बावीस वर्षं पुढं का आली नाही, ते सांगायला मारुतीराव आता नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते मोबाईलवर बापाला दाखवलं. भावकू आता पासष्टीचा. मान अजून जाड, पण चालताना गुडघा ओढायचा. त्यानं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं मोबाईल पालथा करून जमिनीवर ठेवला.

"बावीस वर्सं," तो म्हणाला. "रोज सकाळी उठलं की पयला तोच डोळ्यापुढं यायचा. माझ्या हातनं गेला म्हणून."

"आप्पा, परवा सातला लावणार हाय मी हे."

"नगं."

"का नगं? सगळ्या गावाला कळू दे."

"मष्णूचं काय का हुईना. ज्योतिबाचं पोरगं हाय न्हवं त्या घरात? आदर्श. आठ म्हैन्याचा हुता. मष्णूनंच वाढिवला त्येला. त्या पोराला तेवढा एकच बाप हाय गं. त्यो काढून घेऊ नगंस."

"आणि माझा बाप? साडेपाच वर्सं माझा बाप कुणी काढून घेतला?"

"पोलिसात दे पाहिजे तर," भावकू म्हणाला. "टीव्हीवर नगं. समदी घरात कोंडलेली हायत. रागाला बाहीर जायला बी जागा न्हाय."

नीलमनं ऐकून घेतलं. बावीस वर्षं या गावात खाली मान घालून चालले, आता एक दिवस तरी वर करू दे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. अण्णांना तिनं काही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ती आणखी एक कुस्ती होती.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सातच्या ठोक्याला, तिनं कॅसेट लावली. नुसती लावली नाही. त्या सात-आठ सेकंदांचं चित्र मोठं केलं, सावकाश केलं, आणि लागोपाठ तीनदा फिरवलं. मष्णूच्या चेहऱ्याभोवती तिनं लाल गोल काढला होता.

पहिला फोन चार मिनिटांत आला. मग दोन्ही फोन वाजतच राहिले. कोणी शिव्या देत होतं, कोणी रडत होतं. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाच्या पाया पडायला येतो म्हणून सांग." ते ऐकून तिला रडू फुटलं. एवढ्यासाठीच तर केलं होतं. मग गावातल्या एका बाईचा फोन आला आणि तिनं दोनच शब्द सांगितले : "लवकर ये."

गावाच्या तोंडाशी पोरांनी बाहेरच्यांना अडवायला काटेरी फांद्या टाकून चर खणला होता. एरवी तिथं काठ्या घेऊन चार जण उभे असायचे. त्या दिवशी कोणी नव्हतं. स्कूटर रोज चराबाहेरच राहायची; नीलमनं ती तिथंच टाकली, चर उडी मारून ओलांडला आणि पळत सुटली.

मष्णूच्या घरात काय झालं ते तिला नंतर कळलं. मष्णूनं आधी टीव्हीवर पितळी तांब्या हाणला. आदर्श उभा राहून म्हणाला, "तात्या, हे काय हाय?"

"खोटं हाय समदं. कॉम्प्युटरवर केलंय त्या भवानीनं."

"मग माझ्या आयीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

आदर्शची आई मालुबाई भिंतीला टेकून बसली होती. मष्णूनं हात उचलला. हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथं अडला. मग मष्णू म्हणाला, "मी मुद्दाम न्हाय केलं रं."

आदर्शनं आढ्याला खोचलेला ऊसतोडीचा कोयता काढला.

नीलम पोचली तेव्हा अंगणाच्या कडेनं अर्धं गाव उभं होतं, तोंडाला फडकी बांधून, आणि एकही जण पुढं होत नव्हता. मष्णू जोत्याखाली पडला होता. त्याचा उजवा हात मनगटावर अर्धा तुटून उलटा लोंबत होता. तो दुसऱ्या हातानं सरकत गोठ्याकडं निघाला होता आणि मागं ओला काळा पट्टा उमटत होता. आदर्श त्याच्या मागनं चालत होता. धावत नव्हता, नुसता चालत होता. त्यानं दुसरा वार घातला तो मानेच्या खाली, खांद्यात. लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला. कोयता रुतला. आदर्शनं मष्णूच्या छातीवर पाय देऊन तो ओढून काढला.

"सोड रं! आदर्श, सोड त्येला!" मालुबाई दारात किंचाळत होती.

तेवढ्यात गर्दी फोडून भावकू आत आला. गुडघा ओढत, अनवाणी. त्यानं मागनं आदर्शच्या कमरेला मिठी घातली. बावीस वर्षांचं, ऊस तोडणारं पोर ते. त्यानं आंधळेपणी कोयता मागं फिरवला. तो भावकूच्या डाव्या हातावर बसला आणि दोन बोटं अंगणात उडाली. भावकूनं मिठी सोडली नाही. त्यानं पोराला उचललं, आपल्या अंगाखाली घेऊन मातीत आपटलं, आणि आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकून दाबून धरलं. आदर्श लाथा झाडत होता, चावत होता. भावकूच्या दंडाचा लचका त्यानं दातांनी काढला.

"मार," भावकू त्याच्या कानात म्हणत होता. "मला मार लागंल तेवढं. त्येला आता सोड. झालं. झालं रं बाळा."

नीलम पुढं झाली. आपल्या बापाची बोटं तिनं मातीतून उचलली आणि ओढणीत बांधली. असं करताना तिचे हात अजिबात कापले नाहीत, याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

जवळचा मोठा दवाखाना गडहिंग्लजला, पण तो महाराष्ट्रात आणि बेनाळवाडी कर्नाटकात. सीमेवर मातीचे ढीग टाकून रस्ता बंद केलेला. म्हणून बेळगावला जायचं ठरलं, आणि त्याआधी मष्णूला घोंगड्यावर घालून गावानंच खणलेल्या त्या चरातून पलीकडं न्यावं लागलं. चार जणांनी धरलं होतं. एकाचा पाय काट्यात घसरला आणि घोंगडं कलंडलं. मष्णू वाटेत हत्तरगीच्या आसपास, गाडीतच गेला. शेजारी भावकू हाताला पंचा गुंडाळून बसला होता. मरायच्या आधी मष्णू त्याला काहीतरी बोलला. काय बोलला ते भावकूनं कधी कुणाला सांगितलं नाही.

आदर्शला हिंडलग्याला नेलं. पोलिसांनी कॅसेट ताब्यात घेतली. नागेंद्र अण्णांनी नीलमला कामावरून काढलं नाही. तीच जायची बंद झाली. जुलैत मोठ्या वाहिन्यांचं शूटिंग सुरू झालं, सातला नव्या मालिका आल्या, आणि 'गावचं मैदान' कधी बंद पडलं ते लोकांना कळलंही नाही.

भावकू तिच्याशी तीन महिने बोलला नाही. जेवायचा, हात धुवायचा, उठायचा. गावातली माणसं आता त्याला राम राम करायची, तर तो रस्ता बदलायचा.

गणपतीच्या आधी एका सकाळी मालुबाई दारात आली. नीलम भाकऱ्या थापत होती. मालुबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बावीस वर्सं मी त्येच्या ताटात भाकरी वाढली," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याच्या. मला ठावं नव्हतं. तू दाखिवलंस, बरं केलंस, असं एक मन म्हणतंय. दुसरं मन म्हणतंय, तुझ्या घराला आग लावावी."

नीलमच्या हाताला पीठ तसंच होतं. "आक्का," ती म्हणाली, "मला आप्पा नगं म्हणाले हुते. मी ऐकलं न्हाय."

"हे तू कोर्टात सांगशील?"

"काय?"

"वकील म्हणतोय, पोराला कसं भडकवलं ते सांगायला कोण तर पायजे. तीनदा फिरवलंस, गोल काढलास, समदं. तुझ्या तोंडानं सांगशील? तुझ्यावरच येईल ते."

आतून भावकू बाहेर आला. तीन बोटांच्या हातानं त्यानं चौकट धरली होती. लेकीकडं त्यानं बघितलं.

"सांगीन," नीलम म्हणाली.

पुढच्या वर्षी, तारखेच्या दिवशी, तिघं एकाच बसनं बेळगावला गेली. मालुबाई आणि भावकू पुढच्या बाकावर, नीलम मागं. आदर्शच्या वकिलानं विचारलं ते सगळं तिनं सांगितलं, लपवलं काही नाही. सरकारी वकिलानं विचारलं, "हे चित्र असं सावकाश करून दाखवायची गरज काय होती?"

"गरज न्हवती," ती म्हणाली. "त्यांना दुखावं म्हणून केलं."

आरोपीच्या पिंजऱ्यात आदर्श उभा होता. बारीक झाला होता. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि न्यायाधीशांनी तिला खाली उतरायला सांगेपर्यंत पाहतच राहिला.