खजिनदार पाहिजे, नात्यातली नको

"एक लक्षात ठेवा," तालुक्याच्या पतपेढीचे रोहेलियो सर म्हणाले, "अध्यक्ष आणि खजिनदार एकमेकींच्या नात्यातल्या नकोत. नातलग नातलगाचं झाकतो. सोमवारपर्यंत खजिनदार शोधा, नाहीतर भांडवल पलीकडच्या बेटावर जाईल."

अध्यक्ष होणाऱ्या फेलिसाने मान डोलवली. इथल्या मासेवाल्या सकाळी बर्फापुरते पैसे मोटारसायकलवाल्या सावकाराकडून उचलत आणि संध्याकाळी निम्मी कमाई त्याच्याच घशात घालत. बायकांचा स्वतःचा कर्जफंड निघाला तर ही पीडा टळणार होती. पण सरांनी गाव कुठे पाहिलं होतं? इथे रक्ताचं नातं नसेल तिथे बाप्तिस्म्याचं. एकीच्या लेकराची दुसरी धर्ममाता झाली, की दोघी जन्मभराच्या कुमारे, बहिणींहून सख्ख्या. त्यात फेलिसाला आग्रह मोडवत नसे. तिची धर्मलेकरंच एकोणचाळीस!

कुमारे नसलेली उरली एकटी बोनिफासिया. अकरा वर्षांपूर्वी जत्रेत ती कराओकेवर गात असताना फेलिसाने वायर उपटली होती. तेव्हापासून अबोला.

अडला हरी म्हणत फेलिसा तिच्या दारी गेली. बोनिफासियाने आधी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. मग म्हणाली, "होईन खजिनदार. पण पैशांच्या पेटीला हात लावलास तर बोटं मोडीन."

"म्हणून तर तुझ्याकडे आले गं."

दोघींना रडू फुटलं. नाक पुसत बोनिफासिया म्हणाली, "चव्वेचाळिसाव्या वर्षी झालेली पोर आहे माझी. रविवारी बाप्तिस्मा. धर्ममाता तूच!"

नाही म्हणावं तर बाई बिथरणार, हो म्हणावं तर नात्यात येणार. पण बाळाला नाही कोण म्हणतं? आणि खरं सांगायचं तर फेलिसाला ही भांडकुदळ बाई अकरा वर्षं हवीच होती. ती हो म्हणाली. चाळीस झाली.

सोमवारी सरांनी विचारलं, "तुम्ही एकमेकींच्या कोण?"

फेलिसाच्या तोंडून खोटं निघेना. "कुमारे. कालपासून."

सरांनी फाइल मिटली. फेलिसाचे डोळे भरून आले.

"गप्प बसायला काय झालं होतं?" बोनिफासिया कडाडली.

"खोटं बोलून फंड सुरू करू?"

"मोठी खऱ्याची! आणि बाळाला झगा आणलास तो सात वर्षांच्या पोरीचा! पाद्रीबाबांना आत बाळ सापडेना!"

"पोर वाढणार नाही होय? आणि बाप्तिस्म्याच्या जेवणात मला डुकराची शेपटी वाढलीस ती?"

"उशिरा येणारीला शेपटीच मिळते!"

सरांनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी फाइल उघडली. "नियम गेला खड्ड्यात. या दोघी एकमेकींचं काही झाकत नाहीत," असं पुटपुटत त्यांनी सही केली आणि ते होडी पकडायला पळाले.

फेलिसाने बोनिफासियाला घट्ट मिठी मारली. "काय नाटक केलंस गं! बरं सुचलं तुला ऐन वेळी."

"कसलं नाटक?" बोनिफासिया म्हणाली. "झगा बदलून आण."